‘फोर्हादो’ म्हणजे घडीव लोखंडच असे नव्हे
नाशिकमध्ये बसून स्पॅनिश बांधकाम-नकाशांचे इंग्रजी भाषांतर करताना शब्दकोश उघडण्यापूर्वी अडलेला शब्द चित्रात नेमका कोठे लिहिला आहे, ते पाहावे. ‘फोर्हादो’चा अर्थ कोशात घडीव लोखंड असाही मिळतो, परंतु स्पेनमधील छेदचित्रात, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या चित्रात, तो दोन मजल्यांमधील तळासाठी येतो, जो बहुधा तुळया आणि त्यांमधील पोकळ ठोकळे यांवर काँक्रीट ओतून केलेला असतो, आणि म्हणून तेथे ‘फ्लोअर स्लॅब’ असेच लिहावे. जुन्या नाशकातील वाड्याचा कडीपाट, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या टाकून केलेले छत, ज्याने खालून निरखला आहे, त्याला ही रचना चटकन उमगेल. ‘प्लांता’ अधिकच फसवा आहे: नकाशाच्या शीर्षकात ‘प्लॅन’, जिन्यापाशी ‘फ्लोअर’. काँक्रीटला स्पेनमध्ये ‘ओर्मिगोन’, तर मेक्सिकोत ‘कोन्क्रेतो’ म्हणतात. तेव्हा कागद कोणत्या देशातला, हे आधीच विचारून घ्यावे.