विमानात वापरायच्या पोर्टेबल जीपीएससाठी मेमरी कार्ड कसे निवडावे

पोर्टेबल जीपीएससाठी कार्ड मागितले की दुकानदार बहुधा सर्वांत मोठे आणि सर्वांत वेगवान कार्ड पुढे करतो. व्हिडिओ चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यासाठी ते ठीक आहे. जीपीएससाठी मात्र आपले यंत्र कोणते कार्ड वाचू शकते हे आधी पाहावे, मग कार्ड खरे आहे की बनावट हे तपासावे आणि वेगाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

सुरुवात यंत्राच्या माहितीपुस्तिकेपासून करावी. गार्मिनच्या जीपीएसमॅप ६९६ मध्ये पूर्ण आकाराचे एसडी कार्ड बसते, तर एरा ५०० मालिकेत मायक्रोएसडी लागते. आकार जुळला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. एसडी कार्ड २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि एसडीएक्ससी त्यापुढे २ टीबीपर्यंत असते, आणि ही तिन्ही बाहेरून सारखीच दिसत असल्यामुळे एकाच खाचेत सहज बसतात. नवे यंत्र जुने कार्ड वाचते. केवळ एसडीसाठी बनवलेले यंत्र एसडीएचसी वाचू शकत नाही. एसडीएक्ससीवर एक्सफॅट ही फाइल प्रणाली, म्हणजे कार्डावर फाइली मांडण्याची पद्धत, असते आणि जुन्या यंत्रांना बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीपर्यंतचीच ओळख असते. ६४ जीबीचे कार्ड संगणकावर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून चालवण्याची युक्ती कधीकधी यशस्वी होते, पण उड्डाणात ज्यावर नजर ठेवायची त्या यंत्रासाठी ‘कधीकधी’ पुरेसे नाही. पुस्तिकेने सांगितलेल्या मर्यादेच्या आतलेच कार्ड घ्यावे.

किती जागा लागेल याचा अंदाज साध्या गणिताने येतो. चार तासांच्या उड्डाणात दर सेकंदाला एक स्थाननोंद झाली तर १४,४०० नोंदी होतात आणि जीपीएक्स (मार्ग साठवण्याच्या) फाइलमधील प्रत्येक नोंदीला दीडशे बाइट धरले तरी सगळा मार्ग २.२ एमबीच्या आत मावतो. जागा खरी लागते ती नकाशे आणि डेटाबेस यांना, आणि तीही प्रत्येक यंत्रात कार्डावरच लागते असे नाही, कारण काही यंत्रे ही माहिती अंतर्गत मेमरीत ठेवतात. हेच गणित वेगालाही लागू पडते. क्लास १० चे कार्ड सेकंदाला किमान १० एमबी लिहिते, तर यंत्र सेकंदाला जेमतेम दीडशे बाइट लिहीत असते. त्यामुळे यू३ किंवा व्ही३० या जास्त वेगाच्या खुणांसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. हवाई माहितीचे चक्र २८ दिवसांचे असते, म्हणजे वर्षाला साधारण १३ वेळा अद्ययावतीकरण करावे लागते. डेटाबेस कार्डावर ठेवणाऱ्या यंत्रात मोठ्या फाइली कॉपी करताना वेगवान कार्डामुळे थोडा वेळ वाचतो, एवढाच त्याचा फायदा.

वाचलेले पैसे टिकाऊपणावर खर्च करावेत. बहुतेक चांगल्या कार्डांच्या माहितीपत्रकात उणे २५ ते ८५ अंश सेल्सिअस अशी मर्यादा दिलेली असते. ती नसेल तर ते कार्ड सोडून द्यावे. गोंदिया किंवा बारामतीच्या धावपट्टीजवळ मे महिन्यात उभ्या असलेल्या विमानाचे बंद कॉकपिट किती तापते, हे तिथे विमान चालवायला शिकणाऱ्यांना सांगायला नको. गाडीतील डॅशकॅमसाठी बनवलेली ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डे सतत लिहिले जाण्याच्या आणि उष्णतेच्या दृष्टीने तयार केलेली असल्यामुळे, योग्य क्षमतेत मिळाल्यास तीच घ्यावीत. खाच पूर्ण आकाराची असेल तर मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून वापरू नये. पिस्टन इंजिनाच्या सततच्या कंपनात संपर्काची आणखी एक जोडणी वाढवण्यात अर्थ नाही. पूर्ण आकाराच्या कार्डाच्या कडेची छोटी कळ ‘लॉक’कडे सरकली तर यंत्र कार्डावर काहीच नोंदवत नाही, म्हणून कार्ड घालताना ती एकदा बघून घ्यावी. मायक्रोएसडीला अशी कळ नसते.

बनावट कार्डाचा धोका सर्वांत गंभीर आहे. अशा कार्डाचा नियंत्रक संगणकाला १२८ जीबी सांगतो, आत मात्र ८ जीबीच असतात, आणि ती भरली की पुढचे लिखाण आधीच्या माहितीवर चढते किंवा हरवते. कॉपी करताना कोणतीही चूक दिसत नाही. फाइल उघडल्यावरच कळते. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह खरेदी करावी आणि पहिल्याच दिवशी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा मॅक व लिनक्सवर एफ३ हे कार्ड तपासण्याचे सॉफ्टवेअर वापरून संपूर्ण कार्ड भरून पुन्हा वाचून पाहावे. ३२ जीबीचे कार्ड सेकंदाला १० एमबी या वेगाने भरायला सुमारे ५३ मिनिटे लागतात. तेवढा वेळ द्यावाच. चाचणीनंतर एसडी असोसिएशनच्या (एसडी कार्डांचे मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या) मोफत फॉरमॅटरने, किंवा यंत्रातच सोय असल्यास तिथे, कार्ड फॉरमॅट करावे.

त्याच प्रकारचे, तपासलेले दुसरे कार्ड जमिनीवरच तयार करून लहान कठीण डबीत ठेवावे. मायक्रोएसडी १५ बाय ११ मिलिमीटरचे असते. उड्डाणात हातातून निसटले तर आसनाच्या रुळात जाऊन बसते, म्हणून कार्ड बदलण्याचे काम हवेत करू नये. जमिनीवरही आधी यंत्र बंद करावे आणि मगच कार्ड काढावे, कारण लिहिणे चालू असताना काढलेल्या कार्डावरील फाइलींची सूचीच बिघडू शकते.