हसू कुठे थांबलं? उपहासात्मक भयकादंबरी वाचनगटात घेताना

काळा विनोद आणि भय एकत्र असलेली कादंबरी गटात घेतली की चर्चा बऱ्याचदा दहा मिनिटांत आटोपते. अर्ध्यांना ती भन्नाट वाटलेली असते, अर्ध्यांना किळसवाणी. दोघंही खरंच बोलत असतात, पण वेगवेगळ्या पानांबद्दल. म्हणून तयारी एकाच गोष्टीची करायची: कोणाचं हसू नेमकं कोणत्या ओळीवर थांबलं, ते बैठकीत हाताशी असलं पाहिजे.

पुस्तक २०० ते ३०० पानांचं घ्या. उपहासाची एकच चाल ४०० पानं चालवली की धार जाते आणि लोक शेवटचा भाग चाळतात. गट ६ ते ८ जणांचा बरा; दहाच्या वर माणसं गेली की निम्मी गप्प बसतात. ज्याने कादंबरी पूर्ण वाचली आहे त्यालाच सूत्रधार करा, कारण पहिलं काम त्याचं आहे. कोणत्या प्रकरणात लैंगिक हिंसा, लहान मुलांना इजा, प्राण्यांचा छळ किंवा आत्महत्या येते, याची कथानक न फोडता प्रकरणांच्या क्रमांकांसह यादी करायची. ती पुस्तक ठरवतानाच द्या. लोकांनी प्रती घेतल्यावर दिलेली यादी काही कामाची नाही. एखादं प्रकरण गाळणाऱ्याला दोन ओळींत सारांश सांगा आणि कारण विचारू नका.

वेळ चार आठवडे. २८० पानं रोज १४ प्रमाणे २० दिवसांत होतात, वर आठ दिवस हाताशी राहतात. हे आठ दिवस लागतातच.

आता खुणा. वाचताना समासात पेन्सिलने तीनच अक्षरं लिहायची: हसू आलं तिथे 'ह', भीती वाटली तिथे 'भ', किळस आली तिथे 'कि'. किळस आणि भीती वेगळी नोंदवायला सांगितलं की लोक सुरुवातीला कुरकुरतात, पण हा भेद जुना आहे. नाट्यशास्त्रात बीभत्स आणि भयानक हे दोन स्वतंत्र रस आहेत, आणि भयानकाचा उगम बीभत्सातून सांगितला आहे. कादंबरी नुसती 'कि'वर अडकली आहे की पुढे 'भ'पर्यंत पोचते, हे खुणा पाहिल्यावर कळतं. एका ओळीला दोन खुणा पडल्या तर भोवती गोल करा. पूर्ण पुस्तकात १० ते २५ खुणा पुरेत. पान पेन्सिलीने भरलं तर निवड राहत नाही. आवृत्त्यांचे पानक्रमांक जुळत नाहीत, म्हणून जागा सांगताना प्रकरण आणि वाक्याचे पहिले तीन शब्द द्या.

कंटाळवाणी वाटणारी पानं ओलांडू नका, हे आधीच बजावून ठेवा. ब्रेट ईस्टन एलिसच्या 'अमेरिकन सायको' या कादंबरीत (१९९१) निवेदक वॉल स्ट्रीटवरचा श्रीमंत खुनी आहे, आणि तिच्यात कपड्यांच्या आणि ब्रँडच्या लांबलचक याद्या येतात. त्या गाळल्या तर हातात फक्त रक्तपात उरतो, कारण उपहास त्या याद्यांतच आहे.

बैठकीच्या दोन दिवस आधी प्रत्येकाकडून आपल्या तीन जागा मागवा. काहींनी 'ह' आणि काहींनी 'कि' दिलेली जागा सापडली की सुरुवात तिथूनच. बैठक ९० मिनिटांची ठेवा. पहिली दहा मिनिटं कान तयार करायला जॉनथन स्विफ्टच्या 'अ मॉडेस्ट प्रपोजल' (१७२९) या उपहासात्मक निबंधातला हिशेबाचा परिच्छेद मोठ्याने वाचा. १,२०,००० गरीब मुलांपैकी २०,००० पैदाशीसाठी राखावीत आणि उरलेली १,००,००० वर्षाची झाली की खाण्यासाठी विकावीत, असं तिथे अगदी थंडपणे मांडलं आहे. वाचणाऱ्याचा आवाज सपाट हवा, जमाखर्च वाचल्यासारखा. नाटकी आवाज लावला की ऐकणाऱ्याला कुठे हसायचं ते आयतं कळतं आणि प्रयोग फसतो.

मग निवडलेली जागा याच सुरात वाचा आणि वाक्य उघडून बघा. समजा वाक्य असं आहे: 'यंत्रात डावा हात गेला तेव्हा साहेबांनी आधी रजेच्या अर्जावर सही घेतली, उजवा शाबूत होता म्हणून.' यातला अर्ज काढून टाका: नुसता अपघात उरतो. हात काढा: कचेरीतला किरकोळ विनोद उरतो. शेवटचा 'म्हणून' काढून 'उजवा शाबूत होता' एवढंच ठेवा: वाक्य तेच, पण साहेबांची सबब गेली. भीती त्या 'म्हणून'मध्ये होती, कारण तो ऐकायला रास्त वाटतो. प्रत्येक जागेला अशी २० मिनिटं द्या. दोन जागा झाल्या तरी पुष्कळ.

हमखास बिघडतं ते इथे. पाचव्या मिनिटाला कोणीतरी कोडं सोडवतं, 'हा राक्षस म्हणजे बाजारव्यवस्था', सगळे माना डोलावतात आणि चर्चा बसते. तिथे एवढंच विचारा: 'कोणत्या वाक्यावरून?' दुसरी चूक म्हणजे निवेदकाला लेखक समजणं. निवेदक स्त्रियांविषयी किंवा गरिबांविषयी घाणेरडं बोलतो, एवढ्यावरून पुस्तकही तसंच आहे असं ठरत नाही. पण 'उपहास आहे हो' म्हणून प्रत्येक गोष्ट माफही करू नका. लेखक कोणाला हसतोय आणि कोणाच्या जिवावर हसतोय, ते ओळ दाखवून सांगायला लावा. काही कादंबऱ्या या परीक्षेत नापास होतात, तसं म्हणायला हरकत नाही.

चित्रपट निघाला असेल तर शेवटची दहा मिनिटं सोडून त्याचा विषय नको. लोक पडद्यावरचं दृश्य पुस्तकातलं समजून वाद घालतात. पुस्तक न आवडलेल्याला आधी बोलू द्या. शेवटी बोलला तर तो एव्हाना आपलं मत मवाळ करून बसलेला असतो.

कादंबरीच्या शेवटासाठी २० मिनिटं राखून ठेवा. शेवटच्या प्रकरणात खुणा विरळ झाल्या असतील तर लेखक दमला की वाचक, हे तपासा. आदल्या रात्री एका बैठकीत ६० पानं संपवणाऱ्यांच्या पेन्सिली सहसा तिथेच थांबलेल्या असतात. पुढचं पुस्तक मात्र त्याच दिवशी ठरवू नका, कारण अशा बैठकीनंतर सगळ्यांना काहीतरी हलकंफुलकंच हवं असतं. दोन दिवसांनी विचारा.