पूर्व-पश्चिम सोलर पॅनल एकाच स्ट्रिंगमध्ये नको

गच्चीवर जागा कमी म्हणून थोडी पॅनल पूर्वेला, थोडी पश्चिमेला तोंड करून बसवतात आणि सगळी एकाच लाइनीत (स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेली पॅनल) जोडून मोकळे होतात, मग ज्यावर ऊन कमी त्याच्या करंटवर बाकीची पण अडकतात.

१. इन्व्हर्टरच्या खाली पीव्ही १, पीव्ही २ (पॅनलच्या वायरी जोडायच्या जागा) दिसतंय का बघा, आणि एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा इन्व्हर्टरमधला भाग) खरंच दोन आहेत ना ते डेटाशीटवर बघून घ्या.
२. पूर्वेची एकाला, पश्चिमेची दुसऱ्याला. टाकीची सावली येणारी पण शक्यतो एकत्रच.
३. प्रत्येक स्ट्रिंगचा व्होल्टेज इन्व्हर्टरच्या रेंजमध्ये बसला पाहिजे, जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पॅनल तापून तो अजून उतरतो.

उन्हात चालू लाइनचे डीसी कनेक्टर ओढू नका, सरळ जाळ निघतो. आधी एसी, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडची लाइन तोडणारा स्विच) बंद, आणि हे काम वायरमनकडूनच.