डोक्याला मार लागल्यावर मानेचे व्यायाम कसे करावेत?

गाडी घसरली, डोकं आपटलं, सीटी स्कॅन चांगला आला. तरी तीन आठवडे झाले, डोकं ठणकतंय आणि मान वळवली की गरगरतंय. घरचे म्हणतात, मेंदूला मार आहे, पडून राहा. पण पुष्कळदा हे मागे राहिलेलं दुखणं मानेतलं असतं. डोकं आपटतं तेव्हा मानेलाही हिसका बसतो. मानेतल्या वरच्या नसा आणि चेहऱ्याची नस मेंदूच्या बुडाशी एकाच केंद्रात जातात, म्हणून मानेचं दुखणं कपाळात, डोळ्यामागे जाणवतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या ३१ रुग्णांच्या छोट्या चाचणीत मान आणि तोल यांची फिजिओथेरपी घेतलेल्यांपैकी ७३ टक्के जण आठ आठवड्यांत खेळायला मोकळे झाले. ती न मिळालेल्या दुसऱ्या गटात ७ टक्के.

आधी धोका ओळखा. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, गुंगी, दोन-दोन दिसणं, बोलताना अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, मानेच्या मणक्यावरच दाबल्यावर दुखणं: यातलं काहीही असलं तर व्यायाम नको. मान हलवू न देता १०८ ला फोन करा.

असं काही नसेल तर पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी. मग अंगणात, गल्लीत हळूहळू चालायला लागा. महिनाभर बाजेवर पडून राहिलं की मान आणखी आखडते.

दहा दिवसांनंतरही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपिस्टकडून मान तपासून घ्या. पुढचे व्यायाम त्यांनी दाखवल्यावरच घरी करायचे.

पहिला व्यायाम झोपून. डोक्याखाली घडी केलेली पातळ चादर घ्या. डोकं न उचलता, 'हो' म्हणताना मान डोलावतो तेवढीच हनुवटी गळ्याकडे आणा, पाच-दहा सेकंद धरा, सोडा. पुढचे जाड स्नायू ताठ झाले तर जोर जास्त लागतोय. काम आतल्या बारीक स्नायूंनी करायला हवं.

दुसरा व्यायाम, मान किती वळली याची जाण परत आणणारा. कपाळावर पट्टीने छोटा लेझर बांधून भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर बसतात (किरण कुणाच्याही डोळ्यात जाता कामा नये). ठिपका खुणेवर ठेवून डोळे मिटायचे, मान वळवून परत मधे आणायची आणि डोळे उघडून पाहायचं. ठिपका साधारण ७ सेंटिमीटरहून जास्त चुकत असेल तर मानेचा अंदाज बिघडलाय. सरावाने हे अंतर कमी होतं, आणि गरगरणंही बऱ्याचदा उतरतं.

थोडा त्रास वाढला तर घाबरू नका. त्रासाला शून्य ते दहा असे अंक दिले, तर आधीपेक्षा जास्तीत जास्त दोन अंकांनी वाढून तासाभरात ओसरला तर चालेल. त्यापुढे गेला तर थांबा, दुसऱ्या दिवशी कमी करा.

कळकळीने सांगते, या काळात न्हाव्याकडून किंवा हाडं बसवणाऱ्याकडून मान मोडून घेऊ नका. झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते, अर्धांगवायू होऊ शकतो.

कापूस वेचताना मान तासन्‌तास खाली असते, म्हणून दर वीस मिनिटांनी सरळ उभं राहा. उसाची मोळी किंवा चाऱ्याचा भारा डोक्यावर घेणं आणि कबड्डी सगळ्यात शेवटी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.