नगरपरिषदेवर दुसऱ्यांदा निवडून यायचं तर

तयारीला आचारसंहितेच्या निदान 1 वर्ष आधी लागा, आणि सुरुवात प्रचारापासून नको, स्वतःच्या घरापासून करा. राहत्या घराची घरपट्टी-पाणीपट्टी बहुतेक जण वेळेवर भरतात. विसर पडतो तो आजोबांच्या जुन्या घराचा. उताऱ्यावर सामाईक नावं, चुलते मुंबईला, बिल कोणीच भरलेलं नाही. उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या दिवशी विरोधक नेमका तोच उतारा घेऊन उभा राहतो. बिल बजावल्यावरही नगरपरिषदेची थकबाकी राहिली, तर 1965च्या नगरपरिषद अधिनियमाखाली ती अपात्रता ठरू शकते. ज्या ज्या उताऱ्यावर तुमचं नाव आहे, त्या प्रत्येकाचा थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. भाऊबंदांचा वाटा आत्ता तुम्हीच भरून टाका. ते मे महिन्यात गावी आले की हिशेब होईल.

दुसरा धोका बांधकामाचा. याच कायद्याच्या कलम 44प्रमाणे नगरसेवकाने, जोडीदाराने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केलं, तर पद जातं. पुढे ओढलेली पडवी, होमस्टेसाठी मागच्या परड्यात काढलेली खोली, दुकानापुढची पक्की शेड, या सगळ्यांची परवानगी फाईलला आहे ना, हे आधीच पाहून घ्या.

आरक्षणाची सोडत तुमच्या हातात नाही. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात आणि आरक्षण फिरतं, म्हणून मागची जागा पुन्हा मिळेलच असं नाही. शेजारच्या प्रभागात निदान 2 वर्षं येणं-जाणं असावं. अनुसूचित जाती, जमाती किंवा मागासवर्गाच्या राखीव जागेवर लढणार असाल, तर जात वैधतेचा प्रस्ताव सोडतीची वाट न पाहता दाखल करा. प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही, तर जिंकलेली जागाही जाते.

आता कामाची वही. खरी मेहनत हीच आहे, आणि याच ठिकाणी बरेच जण आळस करतात. वाडी, आळी, मोहल्ला असं एकेक पान करा. प्रत्येक कामापुढे सभेचा ठराव क्रमांक, निधी कुठला (राज्याची नगरोत्थान योजना, वित्त आयोग, जिल्हा नियोजन), कार्यादेशाची तारीख, रक्कम आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला लिहा. नगरपरिषदेवर प्रशासक असतानाच्या काळात तुम्ही पाठपुरावा केला असेल, तर त्या अर्जांच्या पोच याच पानाला लावा. नाहीतर काम कोणी आणलं यावरून वाद होतो.

मग वही घेऊन पावसात फिरा. एखादी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, घ्या. कागदावर काम पूर्ण आहे, फोटोही सुंदर आहे. जुलैत जाऊन बघा: गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरलेलं, कडेला गटार नाही म्हणून पाणी पायऱ्यांवरूनच वाहतंय, आणि म्हाताऱ्या आजी वळसा घालून बाजारात जातायत. त्या 20 घरांना पाखाडी ‘झाली’ म्हणून सांगितलंत, तर ती मतं गेलीच म्हणून समजा. दोष दायित्वाची मुदत (कामातले दोष ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करून द्यायचा काळ) शिल्लक असेल, तर ठेकेदाराकडून त्याच्याच खर्चाने दुरुस्ती करून घ्या: फरशीला खाचा, एका बाजूला गटार, उताराला लोखंडी कठडा. तुटलेल्या साकवाचं (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं), तुंबलेल्या पऱ्ह्याचंही (ओहोळाचंही) तसंच. आचारसंहिता लागली की नव्या कामाचा नारळ फोडता येत नाही, म्हणून ही दुरुस्ती आधीच उरकायला हवी. जे झालं नाही, ते का झालं नाही हे दारात उभं राहून सरळ सांगा. मे महिन्यात एक दिवसाआड पाणी भरणाऱ्या बाईला योजनेचं नाव नको असतं. टाकी कुठे अडली आणि कोणाच्या सहीसाठी, हे तिला कळायला हवं.

प्रभागाची प्रारूप मतदार यादी आली की त्याच दिवशी घेऊन बसा. विधानसभेची यादी प्रभागात फोडताना हद्दीवरच्या आळीतली घरंच्या घरं पलीकडे जातात. हरकतीची मुदत थोडी असते, म्हणून दर 50 घरांमागे एक माणूस लावून दारोदार ताळा करा. चाकरमान्यांची नावं वेगळी काढा. ज्याचं नाव मुंबईच्या यादीतही आहे, त्याला एकाच ठिकाणी मत द्यायला सांगा. त्यांना आणण्यासाठी गाड्या मात्र करू नका: मतदारांची उमेदवाराने फुकट ने-आण करणं कायद्याने मना आहे, आणि निकालानंतर त्यावरून याचिका होऊ शकते.

आकडे मांडून बघा. समजा प्रभागात 2,400 मतदार आहेत, 65 टक्के मतदान झालं, तर 1,560 मतं. तिरंगी लढतीत 650च्या आसपास मतांवर जागा निघू शकते. एवढी मतं कुठल्या घरांतून येतात, हे नावानिशी माहीत हवं. प्रभागात दोन जागा असतील, तर तुमची जागा ‘अ’ की ‘ब’, हे प्रत्येक भेटीत सांगा. थेट नगराध्यक्षाचं मत धरून मतदाराला तीन बटणं दाबायची असतात आणि घाईत गोंधळ होतो.

अर्ज ऑनलाइन भरलात, तर छापील प्रत सहीसह द्यावी लागते. शपथपत्रात एकही रकाना मोकळा ठेवू नका, काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. शेवटच्या दिवसावर ठेवलंत, तर संकेतस्थळ मंदावतं आणि वीजही जाते.

मतदानाच्या सकाळी तुमचा प्रतिनिधी अभिरूप मतदानाच्या (यंत्र तपासायला घेतलेल्या चाचणी मतदानाच्या) आधी केंद्रावर हवा; यंत्राच्या सीलचे क्रमांक त्याने लिहून घ्यावेत. कोळीवाड्यात होड्या कधी सुटणार नि कधी परतणार, हे आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा.

खर्चासाठी वेगळं बँक खातं ठेवा आणि रोजचा हिशेब रोज द्या. 2025च्या निवडणुकीत सदस्यासाठी मर्यादा क वर्ग नगरपरिषदेत 2 लाख 50 हजार आणि ब वर्गात 3 लाख 50 हजार रुपये होती. चहा-वडापावचे दरही ठरवून दिलेले असतात, ते धरूनच बिल लावा. प्रत्येक पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापलेली हवी. निकालानंतर 30 दिवसांत अंतिम हिशेब सादर करा, हरलात तरी. तो दिला नाही तर पुढची निवडणूक लढवायलाच अपात्र ठरवलं जाऊ शकतं. देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या आणि ती प्रत कामाच्या वहीतच ठेवा.