छोट्या युनिटचं काम सुधारायचंय? शंभर वर्षांचं संशोधन कोणत्या क्रमाने वापरायचं

लीन, सिक्स सिग्मा, कायझेन ही कारखान्याचं काम सुधारायच्या पद्धतींची नावं ऐकली की एमआयडीसीतले बरेच मालक हात वर करतात, हे मोठ्या कंपन्यांचं आहे, आपल्याकडे पंधरा माणसं आणि चार मशीन. पण हे संशोधन कसं पुढे सरकत गेलं ते बघितलं तर दिसतं की प्रत्येक टप्प्यावर कुणालातरी शॉप फ्लोअरवर उभं राहून एक साधा प्रश्न पडला होता. तेच प्रश्न त्याच क्रमाने आपल्या युनिटला विचारायचे.

पहिला प्रश्न, काम नक्की होतं कसं?

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या इंजिनिअरने बेथलेहेम स्टील कंपनीत फावड्याने माल उचलणाऱ्यांचा अभ्यास केला आणि सांगितलं की एका फावड्यात साधारण 21 पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल बसला तर दिवसभरात सगळ्यात जास्त काम होतं, म्हणून हलक्या मालाला मोठं फावडं आणि जड मालाला छोटं. त्याचं पुस्तक 1911 ला आलं आणि त्याच वर्षी वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात स्टॉपवॉच लावल्यावरून कामगारांनी संप केला, कारण विचार मॅनेजरने करायचा आणि कामगाराने फक्त हात चालवायचे हे टेलरचं मत लोकांना खटकणारच होतं. मला यात फ्रँक गिलब्रेथ जास्त पटतो. त्याने गवंडीकामात एका विटेमागच्या हालचाली 18 वरून 5 च्या आसपास आणल्या, आणि त्यासाठी गवंड्याला पळवलं नाही, विटा कमरेच्या उंचीला येतील अशी वरखाली होणारी परांची बनवली.

तुम्ही काय करायचं, तर ऑपरेटरला आधी सांगून एका जॉबचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि तो त्याच्याच शेजारी बसून बघा. वाकणं, शोधणं, पाना आणायला जाणं, पुढच्या जॉबची वाट बघणं, हे कुठे कुठे होतंय ते त्यालाच बोलू द्या, निम्म्या सुधारणा तोच सांगेल.

दुसरा प्रश्न, आज रिजेक्शन (नापास झालेला माल) वाढलं ते खरंच काही बिघडलंय म्हणून, की रोजचंच वरखाली आहे?

हा प्रश्न वॉल्टर शेवहार्ट या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाचा. मे 1924 ला त्याने वरिष्ठांना एक छोटी नोट दिली त्यात पहिला कंट्रोल चार्ट होता, म्हणजे रोजचं वरखाली किती चालेल ते दोन रेघांनी दाखवणारा आलेख. डेमिंग या दुसऱ्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने 1950 मध्ये जपानी इंजिनिअर आणि मॅनेजर लोकांना हाच विचार शिकवला आणि पुढे जपानी मालाच्या क्वालिटीचं नाव झालं, पण त्याच्याही आधी 1947-48 ला शेवहार्ट स्वतः भारतात आला होता, महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बोलावण्यावरून. इतक्या लवकर दारात आलेली गोष्ट आपल्या छोट्या युनिटपर्यंत अजून नीट पोचलेली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

करायचं असं, एकच आकडा निवडा, समजा बोअरचा (भोकाचा) डायमीटर, आणि 20-25 दिवस रोज एक रीडिंग घ्या. सगळ्यांची सरासरी काढा. मग लागोपाठच्या दोन दोन रीडिंगमधला फरक काढा (प्लस मायनस सोडून द्या), त्या फरकांची सरासरी घ्या आणि तिला 2.66 ने गुणा. जे येईल ते मुख्य सरासरीत मिळवलं की वरची रेघ, वजा केलं की खालची रेघ. दोन रेघांच्या आत आकडा नाचत असेल तर त्या दिवशीच्या ऑपरेटरला झापू नका आणि मशीनचं ऑफसेट (सेटिंगचा आकडा) पण हलवू नका, सारखं हलवल्याने उलट जास्त बिघडतं. रेघेबाहेर गेला तर मात्र त्याच दिवशी कारण शोधा. आणि या रेघा ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ती मर्यादा) नव्हेत, रेघांच्या आत आहे पण टॉलरन्समध्ये बसत नाही असं असेल तर पद्धतच बदलावी लागेल.

तिसरा प्रश्न, माल अडकतो कुठे?

टोयोटात ताईची ओनो यांनी पुढच्याला लागेल तेवढंच मागच्याने बनवायचं ही पद्धत बसवली, आणि 1961 ला जॉन लिटल या संशोधकाने रांगांचा एक नियम सिद्ध केला तो इथे फार कामाचा आहे. फ्लोअरवर अर्धवट पडलेले 60 जॉब आणि रोज 5 डिस्पॅच होत असतील तर एक जॉब सरासरी 12 दिवस अडकतो, मग पार्टीला आठवड्यात देतो म्हणून काहीही सांगा. म्हणून आज मोजा, आणि जुने निघेपर्यंत नवे जॉब फ्लोअरवर सोडू नका. जिथे ढीग सगळ्यात मोठा ते मशीन जेवणाच्या सुट्टीतही चालू ठेवा, बाकीची थोडी थांबली तरी चालतील.

ते मशीन सेटिंगमध्येच जास्त वेळ घालवत असेल तर शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरची पद्धत. 1969 ला टोयोटाच्या 1000 टनी प्रेसची डाय (साचा) बदलायला चार तास लागायचे ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं. मूळ युक्ती एवढीच, मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं वेगळी काढायची आणि बाकी सगळं, म्हणजे डाय आणणं, बोल्ट शोधणं, गेज काढून ठेवणं, आधीचा जॉब चालू असतानाच उरकायचं.

सिक्स सिग्मा, मोटोरोलाने 1986 च्या सुमारास काढलेलं, दहा लाखात 3.4 दोष वगैरे, ते सध्या राहू द्या.

शेवटचा प्रश्न, हे टिकणार कसं?

याचं उत्तर आपल्या शेजारच्या संशोधनात आहे. 2008 पासून निकोलस ब्लूम हा अर्थतज्ज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड गिरण्यांवर प्रयोग केला, काही गिरण्यांना पाच महिने फुकट सल्लागार दिले, काहींना फक्त एक महिना पाहणी. सुधारणा अगदी साध्या, दोषांची नोंद, सुताच्या स्टॉकचा हिशोब, मशीनची वेळेवर देखभाल, फ्लोअरची साफसफाई. सल्लागार मिळालेल्या गिरण्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात 17 टक्के वाढली. काही वर्षांनी ते परत गेले तर निम्म्याच्या आसपास पद्धती बंद पडलेल्या, तरी त्या गिरण्या बाकीच्यांच्या पुढेच होत्या. बंद पडायची मोठी कारणं दोन, मॅनेजर सोडून गेला आणि मालकाला वेळ नाही.

म्हणून नोंदी मॅनेजरच्या डोक्यात किंवा त्याच्या मोबाईलमध्ये ठेवू नका, भिंतीवरच्या बोर्डवर लिहा, किमान दोघांना चार्ट भरायला शिकवा, आणि मालकाने रोज ठरलेल्या वेळी वीस मिनिटं त्या बोर्डसमोर उभं राहायचं, फोन केबिनमध्ये ठेवून.