बालवर्गातील निरीक्षण : नोंदवहीत शिरणाऱ्या या चुका टाळा

बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थिनी ठाण्यात कोपरी, वर्तकनगर किंवा नवी मुंबईत ऐरोली, घणसोली येथील बालवाड्यांत प्रात्यक्षिकासाठी जातात. त्यांच्या निरीक्षणवह्या वाचताना सतत जाणवते की पाने भरलेली असतात, परंतु त्यांत मूल दिसत नाही, लिहिणारीचे मत तेवढे दिसते. ‘हट्टी’, ‘लाजाळू’, ‘चंचल’ हे निष्कर्ष आहेत, आणि निष्कर्षच आधी लिहिला गेला की तो ज्या प्रसंगावरून काढला तो प्रसंग हरवतो. पुढे कोणाला तो पडताळून पाहायचा झाला तरी हाती काही उरत नाही.

‘मुलगी हट्टी आहे, खेळणी देत नाही’ या नोंदीऐवजी पुढील नोंद पाहा : ‘१०.०५. ठोकळ्यांचा कोपरा. ती चार लाल ठोकळे एकावर एक रचते. शेजारचा मुलगा न विचारता वरचा ठोकळा उचलतो. ती त्याच्या हाताकडे पाहते, “माझा मनोरा आहे” म्हणते आणि उरलेले ठोकळे दोन्ही हातांनी जवळ ओढते. मुलगा ठोकळा परत ठेवतो. ती पुन्हा रचू लागते.’ येथे हट्टापेक्षा आपले काम जपणारी आणि ते शब्दांत सांगू शकणारी मुलगी दिसते. यासाठी साधा उपाय म्हणजे पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे फक्त पाहिलेले व ऐकलेले लिहावे आणि अर्थ लावण्याचा उजवा रकाना वर्गातून बाहेर पडल्यावरच भरावा. डावा रकाना मात्र घरी परतताना ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये बसून भरू नये. तोवर मुलाचे नेमके शब्द विसरलेले असतात आणि राहिलेल्या जागा आपण नकळत अंदाजाने भरतो. वर्गात पूर्ण वाक्ये लिहिणे जमत नसेल तर वेळ, जागा आणि मुलाचे शब्द एवढे तरी तिथेच टिपावे.

प्रश्न एक, पद्धत दुसरीच

काय जाणून घ्यायचे आहे हे न ठरवता पद्धत निवडली की श्रम वाया जातात. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी मुलांच्या खेळातील सहभागाचे जे वर्गीकरण १९३२ मध्ये मांडले (एकट्याने खेळणे, इतरांचा खेळ पाहणे, शेजारी बसून स्वतंत्रपणे खेळणे, मिळून खेळणे इत्यादी), ते प्रत्येक मुलाला एका वेळी एकेक मिनिट पाहून केलेल्या नोंदींवर उभे होते. वारंवार घडणाऱ्या वर्तनासाठी ठरावीक अंतराने थोडा वेळ पाहण्याची ही वेळ-नमुना पद्धत उत्तम आहे. भांडणांसाठी मात्र ती कुचकामी ठरते. संशोधक हेलन डॉव यांनी १९३४ मध्ये बालवर्गातील २०० भांडणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सरासरी भांडण अर्ध्या मिनिटाच्या आतच संपलेले होते. दर पाच मिनिटांनी मान वर करून पाहणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेतून अशी बहुतेक भांडणे निसटतील. तेथे घटना घडली की लगेच नोंद करणे, हीच घटना-नमुना पद्धत वापरावी.

चावणाऱ्या किंवा ढकलणाऱ्या मुलाबाबत तर ‘आज पुन्हा चावला’ एवढीच नोंद अन्यायाची ठरते. चावण्याच्या आधी काय घडले, त्याने नेमके काय केले आणि त्यानंतर मोठ्यांनी व इतर मुलांनी काय केले, असे तीन रकाने ठेवावेत. पाच-सहा नोंदींनंतर प्रत्येक प्रसंग खाऊच्या आधी हात धुण्याच्या रांगेतला आहे असे आढळले, तर मुलाच्या स्वभावाकडे बोट दाखवण्याआधी रांग लहान करून पाहावी.

गप्प मूल आणि आपली भाषा

घणसोली-कोपरखैरण्याच्या गावठाणातील मूल घरी आगरी बोलत असेल किंवा ठाण्याजवळच्या दिव्याहून आलेल्या कुटुंबातील मूल घरी भोजपुरी बोलत असेल, तर वर्गातील त्याच्या मौनावरून पडताळासूचीत (मुलाला काय येते यावर खुणा करण्याच्या यादीत) ‘भाषाविकास कमी’ अशी खूण करणे ही गंभीर चूक आहे. त्याला अंगणात भावंडांशी बोलताना ऐकावे, बोली समजत नसल्यास ती जाणणाऱ्या मदतनीस ताईंना सोबत घ्यावे आणि तोवर तो रकाना रिकामा ठेवावा. शिवाय शांत मुले वहीत फारशी येतच नाहीत, कारण गोंधळ घालणारी मुले आपले सगळे लक्ष वेधून घेतात. वहीच्या शेवटच्या पानावर सर्व मुलांची नावे लिहून प्रत्येकापुढे नोंदीची तारीख टाकत गेल्यास कोण राहून गेले ते लगेच कळते.

एखाद्या मुलाने जवळ येऊन “ताई, काय लिहिता?” असे विचारले तर वही लपवू नये. “तुम्ही कसे खेळता ते लिहिते” एवढे खरे उत्तर पुरते, आणि पहिल्या काही दिवसांच्या नोंदी कच्च्या धराव्यात, कारण तोवर मुले आपल्याकडे पाहून वागत असतात.

वर्तनाची व्याख्या नेमकी आहे का, हे पाहण्यासाठी दोघींनी एकाच वेळी स्वतंत्रपणे नोंदी कराव्यात. जुळलेल्या नोंदींना एकूण नोंदींनी भागून शंभराने गुणावे. उत्तर ८० पेक्षा बरेच खाली आले तर ‘आक्रमक’ ऐवजी ‘हाताने मारणे, ढकलणे, ओरबाडणे’ अशी व्याख्या लिहून पुन्हा पाहावे.

पालकांशी बोलताना डाव्या रकान्यातील प्रसंग वाचून दाखवावा आणि घरी असे कधी घडते का, हे विचारावे. तो कागद किंवा त्याचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र टाकू नये.